प्रोसेसर बदलल्यापासून तापमान ९० अंशांवर जाते आणि कूलरचा आवाज थांबत नाही : नेमके काय तपासावे?

रेखाकार (इंदिरानगर), शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार. अंबड औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांसाठी साच्यांची आरेखने आणि त्रिमितीय मॉडेले करून देण्याचे काम मी घरूनच करते, त्यामुळे माझा संगणक दिवसाचे दहा-बारा तास चालू असतो. गेली पाच वर्षे त्यात एएमडीचा रायझन ५ २६०० हा प्रोसेसर होता आणि त्याच्याबरोबर आलेला लहान कूलर कधी जाणवतही नसे. रेंडरिंगचा (मॉडेलवरून अंतिम चित्र तयार होण्याचा) वेळ कमी व्हावा म्हणून मी गेल्या आठवड्यात त्याच बी४५० मदरबोर्डवर रायझन ७ ५८००एक्स बसवला. बायोस (मदरबोर्डमधील मूळ आज्ञावली) आधी अद्ययावत करून घेतले होते. या प्रोसेसरबरोबर कूलर मिळत नाही, म्हणून १२० मिलिमीटरचा एक पंखा असलेला टॉवर कूलर वेगळा घेतला आणि सोबतच्या पत्रकातील चित्रे पाहत स्वतःच बसवला.

तेव्हापासून दोन तक्रारी आहेत. पहिली तापमानाची. काहीही चालू नसताना प्रोसेसर ५२ ते ५८ अंशांत असतो, ब्राउझर उघडला की क्षणात ६८ वर जातो, आणि रेंडरिंग सुरू केल्यावर चार-पाच सेकंदांत ९० अंश दाखवून तिथेच थांबतो. त्या वेळी प्रोसेसर ७८ वॉटच्या आसपास वीज घेत असतो आणि पंखा मिनिटाला १८५० फेऱ्यांनी, म्हणजे पूर्ण वेगाने फिरत असतो. दुसरी तक्रार आवाजाची. पंखा सतत वर-खाली होतो; दर काही सेकंदांनी घरघर वाढते, ओसरते आणि पुन्हा वाढते. त्याशिवाय एक एकसुरी गुणगुण संगणक चालू केल्यापासून बंद करेपर्यंत असते. रात्री शेजारच्या खोलीत सासूबाई झोपतात, त्यांनाही तो आवाज जाणवतो.

खोलीचे तापमान दुपारी ३४ अंश होते. कॅबिनेटची बाजूची झडप काढून पाहिली, तर तापमानात जेमतेम दोन अंशांचा फरक पडला. नेहमीच्या एका मॉडेलचे रेंडरिंग १३ मिनिटे १० सेकंदांत होते. प्रोसेसर सदोष आहे, कूलर अपुरा आहे, की माझ्याकडून बसवताना चूक झाली, हे कसे ठरवावे?

देवळालीकर, शनिवार, रात्री १०.१५

ताई, ५८००एक्स हा मुळातच गरम चालणारा प्रोसेसर आहे. नाशिकच्या एप्रिलमध्ये एका पंख्याच्या कूलरकडून त्याला थंड ठेवण्याची अपेक्षा करू नये, असे माझे मत आहे. सध्याचा कूलर परत करता येत असेल तर परत करावा आणि २४० मिलिमीटरच्या रेडिएटरचा पाण्याचा कूलर घ्यावा. मी दोन वर्षे तसाच वापरतो आहे आणि समाधानी आहे.

सातपूरकर, रविवार, सकाळी ७.०५

देवळालीकरांचे पहिले वाक्य बरोबर आहे, पण त्यावरून लगेच खरेदीकडे जाण्याची घाई करू नये, अशी माझी ताईंना विनंती आहे. मी कारखान्यातील विद्युत देखभालीत नोकरी केली. मोटर तापली की आम्ही आधी मोटर बदलत नसू. उष्णता कुठे अडली आहे ते शोधत असू. इथेही तेच करता येईल, कारण ताईंनी दिलेले आकडे बोलके आहेत.

खोली ३४ अंश, प्रोसेसर ९० अंश, म्हणजे फरक ५६ अंशांचा. वीज ७८ वॉट. भागाकार केला तर दर वॉटमागे सुमारे ०.७२ अंश येतात. १२० मिलिमीटरच्या ठीक बसलेल्या टॉवर कूलरकडून, अशा प्रोसेसरवरसुद्धा, ०.४ च्या जवळपास आकडा मिळायला हवा. म्हणजे उष्णतेच्या वाटेत कुठेतरी जवळजवळ दुप्पट अडथळा आहे. हा प्रोसेसर कागदावर १०५ वॉटचा असला, तरी त्याला मूळ सेटिंगमध्ये १४२ वॉटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते. ताईंचा प्रोसेसर ७८ वरच अडकला आहे, कारण ९० अंश ही त्याची कमाल मर्यादा आहे आणि ती गाठली की तो स्वतःचा वेग कमी करून स्वतःला वाचवतो. त्यामुळे ९० हा आकडा पाहून प्रोसेसर जळेल अशी भीती बाळगू नये, मात्र पैसे मोजलेला वेग मिळत नाही, हे खरे.

आता अडथळा कुठे, ते पाहू. कूलरच्या धातूचे वजन ६०० ग्रॅम धरू. ॲल्युमिनियमच्या एका ग्रॅमला एक अंशाने तापायला सुमारे ०.९ ज्यूल लागतात, म्हणजे सगळ्या कूलरला एक अंश चढण्यासाठी ५४० ज्यूल. ७८ वॉटने ही उष्णता भरायला जवळजवळ सात सेकंद जातात, तेही पंखा काहीच उष्णता काढून नेत नाही असे मानले तर. मग चार-पाच सेकंदांत तापमान ५५ वरून ९० वर जाते, तेव्हा कूलर तापलेला असणे शक्यच नाही. तापले आहे ते फक्त प्रोसेसरचे अंतरंग, आणि उष्णता कूलरपर्यंत पोचण्याआधीच अडते आहे. चांगल्या जोडणीतही हा प्रोसेसर क्षणात वीसेक अंश उडी मारतो, कारण आठही कोअर (प्रत्यक्ष गणना करणारे भाग) सुमारे ८१ चौरस मिलिमीटरच्या एकाच चकतीत आहेत आणि एवढ्याशा जागेतून सगळी उष्णता बाहेर यावी लागते. पण ३५ अंशांची उडी ही त्याहून बरीच जास्त आहे.

झडप काढून दोनच अंशांचा फरक पडला, यावरून कॅबिनेटमधील हवेचाही मुख्य दोष नाही, हे दिसते. एक चाचणी करावी. दहा मिनिटे रेंडरिंग चालवावे, संगणक बंद करून प्लग काढावा आणि लगेच कूलरच्या धातूच्या पातळ पात्यांना (पंख्याच्या नव्हे) व तळाजवळच्या तांब्याच्या नळ्यांना हात लावून पाहावा. पाती चांगली गरम लागली तर कूलर किंवा हवा अपुरी आहे. पाती कोमट आणि प्रोसेसर ९० अंश, असे असेल तर तळ आणि प्रोसेसर यांचा संपर्क नीट झालेला नाही.

पाण्याच्या कूलरबद्दल एवढेच सांगतो की त्याचाही तळ याच प्रोसेसरवर, असाच स्क्रूंनी दाबून बसवायचा असतो. संपर्कातच दोष राहिला तर तो महागड्या कूलरमध्येही राहील.

कॅनडा कॉर्नर, रविवार, सकाळी ११.३०

सातपूरकर काकांनी उष्णतेची बाजू सविस्तर मांडली आहे, म्हणून मी आवाजाबद्दल लिहितो. संगणक दुरुस्तीच्या कामात मला नेहमी दिसते की लोक उष्णता आणि आवाज ही एकच तक्रार समजतात आणि एक सुटली नाही की दुसरीवरही उपाय करणे सोडून देतात. ताईंनी दोन आवाज वेगळे नोंदवले, याचा फार उपयोग होईल.

वर-खाली होणारी घरघर कूलरच्या पंख्याची असणार. हा प्रोसेसर लहानसहान कामासाठीही क्षणभर वेग वाढवतो, तापमान उसळते, आणि बोर्ड त्या प्रत्येक उसळीमागे पंख्याला पळवतो. संपर्क सुधारल्यावरही ही सवय थोडी राहील. त्यासाठी बायोसमधील पंख्याच्या आलेखात ६५ अंशांपर्यंत वेग ४० टक्क्यांवर सपाट ठेवावा आणि प्रतिसादाचा विलंब तीन सेकंद किंवा अधिक करावा. हे काम मात्र संपर्क तपासून झाल्यावर करावे. आत्ता केले तर आवाज कमी होईल आणि खरा दोष झाकला जाईल.

एकसुरी गुणगुण बहुधा दुसऱ्या पंख्याची आहे. कॅबिनेटच्या मागच्या पंख्याला तारा किती आहेत ते पाहावे. तीन तारांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलतो, तर चार तारांच्या पंख्याला वेगाची सूचना चौथ्या तारेतून मिळते. बायोस अद्ययावत करताना जुन्या सेटिंग पुसल्या जातात आणि तीन तारांच्या पंख्याची जागा पीडब्ल्यूएमवर, म्हणजे चौथ्या तारेच्या पद्धतीवर, गेली असेल, तर त्याला सतत पूर्ण १२ व्होल्ट मिळत राहतात. खात्रीसाठी संगणक बंद करून तो पंखा बोर्डावरून काढावा आणि दोन मिनिटे संगणक चालवून ऐकावे.

आणखी एक. टॉवर कूलरचा पंखा कोणत्या दिशेने हवा ढकलतो ते पाहावे. ज्या बाजूला पंख्याच्या मधल्या भागाला धरून ठेवणारे दांडे असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. कूलरमधून निघालेली हवा मागच्या पंख्याकडे गेली पाहिजे.

रेखाकार, रविवार, सायंकाळी ६.२०

सर्वांचे मनापासून आभार. काकांनी सांगितलेली चाचणी केली. दहा मिनिटांच्या रेंडरिंगनंतर पाती अक्षरशः कोमट होती, हात सहज ठेवता आला. तळाजवळच्या नळ्या किंचित अधिक गरम होत्या, एवढेच. हवेची दिशा बरोबर आहे.

मागच्या पंख्याला तीनच तारा आहेत. तो काढल्यावर गुणगुण पूर्ण थांबली, आणि बायोसमध्ये पाहिले तर ती जागा खरोखरच पीडब्ल्यूएमवर होती. ती डीसी, म्हणजे व्होल्टेजच्या पद्धतीची, केल्यावर पंखा मिनिटाला ७०० फेऱ्यांवर आला. निम्मी तक्रार विनाखर्च मिटली. पंख्याच्या पात्यांवर धुळीचा जाड थर होता, तोही पुसला. आमच्या भागात रस्ता खणलेला असल्यामुळे दर पंधरा दिवसांनी तसा थर जमतो.

आता कूलर काढून पाहावा लागेल, असे दिसते. तो काढताना कोणती काळजी घ्यावी?

कॅनडा कॉर्नर, रविवार, रात्री ८.००

एक गोष्ट कृपया काळजीपूर्वक वाचावी. तुमच्या बोर्डावरील एएम४ प्रकारात पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेटची, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेची, पकड फार घट्ट नसते. कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावलेल्या उष्णतावाहक पेस्टच्या चिकटपणामुळे प्रोसेसरही त्याच्याबरोबर उपटून येतो आणि पिना वाकतात. माझ्याकडे अशी वाकलेल्या पिनांची कामे महिन्यातून एखादे तरी येतात. म्हणून आधी पाच-दहा मिनिटे संगणक कामाला लावून पेस्ट गरम व मऊ होऊ द्यावी. मग बंद करावा, प्लग काढावा, पंख्याची तार सोडवावी, स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे सैल करावेत आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलक्या हाताने फिरवत सुटा करावा. सुटल्याची जाणीव झाल्यावरच उचलावा.

उचलल्याबरोबर काहीही न पुसता दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत. पेस्ट कशी पसरली आहे यावरूनच सगळे कळेल. तळावरचे पारदर्शक संरक्षक कव्हर काढले होते ना, तेही पाहावे.

नवशिका (पंचवटी), रविवार, रात्री ८.४५

मी महाविद्यालयीन विद्यार्थी आहे. माझ्या इंटेल आय५ १२४०० वर जुन्या दहाव्या पिढीच्या संगणकाचा टॉवर कूलर बसवला आहे आणि माझेही तापमान असेच उसळते. मलाही हीच चाचणी लागू होईल का?

सातपूरकर, रविवार, रात्री ९.१०

चाचणी लागू होईल, पण तुझ्या बाबतीत कारण आधीच समोर आहे. बाराव्या पिढीपासून इंटेलचे एलजीए १७०० हे नवे सॉकेट आले. त्यात बोर्डावरच्या भोकांमधील अंतर ७५ मिलिमीटरऐवजी ७८ मिलिमीटर आहे आणि प्रोसेसरचा माथाही पूर्वीपेक्षा खाली बसतो. जुन्या पट्ट्या ओढूनताणून लावल्या तर दाब पुरेसा येत नाही. कूलरच्या उत्पादकाकडून त्या सॉकेटसाठीचा वेगळा पट्टीसंच मिळतो का ते विचार, आणि तो मिळेपर्यंत कमाल वीज ६५ वॉटवर बांधून ठेव.

रेखाकार, सोमवार, दुपारी १.५०

कूलर सुटला आणि कारणही सापडले. प्रोसेसर जागेवरच राहिला, पिना सुखरूप आहेत. संरक्षक कव्हर मी पूर्वीच काढले होते.

पेस्टचे चित्र असे दिसले : एका बाजूला ती दाबली जाऊन इतकी पातळ झाली होती की खालचा धातू दिसत होता, आणि विरुद्ध बाजूला मी लावलेला गोळा जवळजवळ तसाच, टोकासह उभा होता. म्हणजे तळ तिरपा टेकला होता. पट्ट्यांखालचे चार ठोकळे काढून शेजारी शेजारी ठेवल्यावर लक्षात आले की त्यांतील दोन उरलेल्या दोघांपेक्षा साधारण एक मिलिमीटर उंच आहेत. डब्यात इंटेल आणि एएमडी यांच्यासाठी वेगवेगळ्या पिशव्या होत्या, दोन्हींतील ठोकळे काळ्याच रंगाचे होते, आणि मी दोन्ही पिशव्या एकाच ताटलीत रिकाम्या केल्या होत्या. साच्यांच्या कामात शतांश मिलिमीटरचा फरक मी कधी सोडत नाही, त्यामुळे हे पाहून मला मनापासून वाईट वाटले.

आता योग्य ते चारही ठोकळे लावते आहे. पेस्ट किती घ्यावी?

सातपूरकर, सोमवार, दुपारी २.३०

फार छान शोध लावलात, ताई. वाईट वाटून घेऊ नका. एकसारखी दिसणारी सुटी अंगे एकत्र मिसळणे ही कारखान्यातही रोज घडणारी गोष्ट आहे आणि त्यासाठीच आम्ही खोक्यांवर रंग लावत असू. या प्रोसेसरमध्ये आणखी एक बारकावा आहे. उष्णता निर्माण करणारी कोअरची चकती वरच्या झाकणाच्या बरोबर मध्यभागी नसून एका बाजूला आहे. तिरप्या तळाची उचललेली बाजू नेमकी तिच्यावर आली, तर जेवढे नुकसान एरवी झाले असते त्याहून अधिक होते.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पूर्ण पुसावी आणि वाळू द्यावी. मध्यभागी मटारच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. पेस्टचे काम धातूंमधील सूक्ष्म खाचा भरण्याचे आहे. ती स्वतः धातूइतकी उष्णता वाहून नेत नाही, म्हणून जाड थर हा अडथळाच ठरतो. तळ सरळ खाली टेकवावा आणि दोन्ही स्क्रू आळीपाळीने, दर वेळी दोन-तीन आटे, असे आवळत जावे. एक स्क्रू आधी पूर्ण आवळला तर तळ पुन्हा तिरपा होईल.

देवळालीकर, सोमवार, दुपारी ३.०५

माझा सल्ला घाईचा होता, हे मी मान्य करतो. माझ्याकडील कूलर बसवताना दुकानातील तंत्रज्ञाने सगळे केले होते, त्यामुळे संपर्काचा विचार माझ्या मनात आला नाही.

रेखाकार, मंगळवार, रात्री १०.१०

काल सायंकाळी जोडणी पूर्ण केली आणि आज दुपारी, खोली पुन्हा ३४ अंशांवर असताना मोजमापे घेतली.

तेच मॉडेल, तेच रेंडरिंग. तापमान हळूहळू चढत गेले आणि ८५ अंशांवर स्थिरावले. प्रोसेसर १२५ वॉट घेत होता. काकांच्या पद्धतीने भागाकार केला तर दर वॉटमागे ०.४१ अंश येतात. वेळ लागला ११ मिनिटे २० सेकंद, म्हणजे पूर्वीपेक्षा एक मिनिट ५० सेकंद कमी. या वेळी संगणक बंद केल्यावर कूलरची पाती चांगली गरम लागली, आणि ती गरम लागल्याचा आनंद झाला.

त्यानंतर कॅनडा कॉर्नर यांनी सांगितल्याप्रमाणे पंख्याचा आलेख सपाट केला. घरघर वर-खाली होणे थांबले. पण रेंडरिंगच्या वेळी पंखा अजून १६०० च्या वर जातो आणि तो आवाज रात्री जाणवतो. यावर काही करता येईल का?

कॅनडा कॉर्नर, मंगळवार, रात्री १०.४०

०.४१ हा आकडा उत्तम आहे, जोडणीत आता काही सुधारण्यासारखे उरलेले नाही. यापुढचा आवाज हा प्रोसेसर जेवढी वीज घेतो त्याचाच आहे, म्हणून ती कमी करावी. बायोसमध्ये ६५ वॉटचा इको मोड (कमी विजेवर चालवण्याची सेटिंग) असेल तो लावावा. नसेल तर पीबीओ या प्रोसेसरच्या मर्यादा बदलण्याच्या विभागात वीजमर्यादा हाताने ८८ वॉट करावी; ६५ हा कागदावरचा आकडा आणि ८८ ही प्रत्यक्ष मुभा, त्यामुळे दोन्हींचा अर्थ एकच होतो. शेवटच्या काही टक्के वेगासाठी हा प्रोसेसर अवाजवी वीज खर्च करतो, त्यामुळे वेग जेवढा कमी होतो त्याहून उष्णता कितीतरी अधिक कमी होते.

सातपूरकर, बुधवार, सकाळी ७.२०

त्यात एक लहानशी स्थानिक गोष्ट जोडतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ आहे. तोच पंखा त्याच वेगाने इथे थोडी कमी उष्णता वाहून नेतो. फरक दोन-तीन अंशांचाच असेल, पण दूरच्या कोणाचे आकडे पाहून आपला कूलर वाईट आहे असे ठरवताना तो लक्षात ठेवावा. खोलीचे तापमान तर आधी वजा केलेच पाहिजे.

रेखाकार, बुधवार, रात्री ११.३५

इको मोड लावला. ८६ वॉट, ६९ अंश, आणि रेंडरिंगला १२ मिनिटे ५ सेकंद. पाऊण मिनिट अधिक लागते, पण पंखा ११०० फेऱ्यांच्या वर जात नाही. आत्ता साडेअकरा वाजून गेले आहेत, उद्या अंबडला द्यायच्या साच्याचे रेंडरिंग चालू आहे, दोन्ही खोल्यांमधले दार उघडे आहे आणि सासूबाई झोपल्या आहेत. पावसाळ्यापर्यंत इको मोडच ठेवते. डिसेंबरमध्ये खोली अठरा-वीस अंशांवर आली की पूर्ण वीज देऊन पुन्हा मोजते आणि ते आकडे इथेच लिहिते. उरलेले इंटेलचे ठोकळे त्यांच्या पिशवीत घालून वर नाव लिहून ठेवले आहे.